तपासणीसूची आणि विमानाची प्रारंभ-सज्जता

विमानाच्या वैमानिक कक्षातील सर्व यंत्रणा बंद अवस्थेतून उड्डाणास योग्य अशा अवस्थेत आणण्याच्या क्रियेस प्रारंभ-सज्जता म्हणता येईल. ही क्रिया पूर्ण व योग्य रीतीने झाली आहे की नाही, हे पडताळण्यासाठी ठराविक क्रमाने मांडलेल्या बाबींची जी यादी वापरतात, तिला तपासणीसूची किंवा वैमानिकांच्या नेहमीच्या बोलण्यात चेकलिस्ट असे म्हणतात. जमिनीवरच राहून उड्डाणाचा अनुभव व सराव देणारे साधन म्हणजे सिम्युलेटर होय. तपासणीसूची व सिम्युलेटर ही दोन्ही साधने विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात अमेरिकेत, अपघातांच्या धक्क्यांतून, परंतु एकमेकांपासून स्वतंत्रपणे रुजली. विमान चालविणाऱ्या माणसाची स्मरणशक्ती व त्याच्या शारीरिक संवेदना यांवर सर्वस्वी विसंबून चालत नाही, ही जाणीव दोहोंच्या मुळाशी होती. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर ही साधने एकत्र आली. सिम्युलेटरमधील सराव कक्षाच्या कोणत्या अवस्थेपासून सुरू करावयाचा, हा वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न या एकत्र येण्यातूनच निर्माण झाला व त्याचा संबंध प्रत्यक्ष प्रवाशांच्या जीविताशी पोहोचतो.

पूर्वकाल : प्रारंभीच्या विमानांत एकच एंजिन असे व उपकरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असत. एंजिन सुरू करताना यांत्रिक पुढचा पंखा हाताने फिरवी व त्याच्या आणि वैमानिकाच्या दरम्यान ठराविक शब्दांची मोठ्याने देवघेव होई. कारण प्रज्वलनाचा स्विच चुकून चालू राहिल्यास फिरत्या पात्याने यांत्रिकाचा प्राण जाण्याचा संभव असे. याखेरीज लागणारे सर्व ज्ञान वैमानिकाच्या स्मरणात मावत असे. शिक्षणाची साधनेही तशीच साधी होती. फ्रान्समध्ये आंत्वानेत कंपनीच्या विमानांच्या शिकाऊ वैमानिकांसाठी १९१० च्या सुमारास पिंपाचे दोन अर्धे भाग एकावर एक बसवून एक साधन करण्यात आले होते. वरच्या भागात विद्यार्थी बसे, मदतनीस तो भाग हाताने कलता करीत व विद्यार्थ्याने नियंत्रक चाके फिरवून तो पुन्हा समतल करावयाचा असे. येथे शिकावयाचे ते तोल सांभाळण्याचे कसब होते. कक्षातील कामांचा क्रम हा शिक्षणाचा स्वतंत्र विषय आहे, असे अद्याप कोणाला वाटत नव्हते.

लिंक प्रशिक्षक यंत्र : न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक (१९०४–८१) यांच्या वडिलांचा ऑर्गन व पियानो तयार करण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये लागणारे भाते व हवेच्या झडपा यांचाच उपयोग करून लिंक यांनी १९२९ च्या सुमारास लहान विमानासारखे दिसणारे व नियंत्रकांनुसार झुकणारे, वळणारे एक यंत्र बनविले. १९३१ मध्ये त्यांना त्याचे एकस्व मिळाले. आरंभी या यंत्राकडे जत्रेतील करमणुकीचे साधन म्हणूनच पाहिले गेले. तथापि फेब्रुवारी १९३४ मध्ये अमेरिकेतील हवाई टपाल वाहून नेण्याचे काम भूदलाच्या हवाई विभागाकडे सोपविण्यात आले आणि खराब हवेत, रात्री, केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याची सवय नसलेले अनेक वैमानिक अल्पावधीत मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्याच वर्षी हवाई विभागाने लिंक यांच्याकडून प्रत्येकी ३,५०० डॉलर किंमतीची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशी हजारो यंत्रे वापरात आली. शरीराला जे जाणवते त्यापेक्षा उपकरण जे दाखविते त्यावर विश्वास ठेवावयाचा, हा धडा वैमानिकांच्या एका संपूर्ण पिढीने या यंत्रात बसून गिरविला.

बोइंग २९९ चा अपघात : तपासणीसूचीच्या इतिहासात ३० ऑक्टोबर १९३५ हा दिवस महत्त्वाचा मानला जातो. ओहायओ राज्यातील डेटन शहराजवळच्या राइट फील्ड येथे बोइंग कंपनीचे मॉडेल २९९ हे चार एंजिनांचे नवे बाँबफेकी विमान सैनिकी चाचणीसाठी आकाशात झेपावले. वेग, पल्ला व वहनक्षमता या बाबतींत ते प्रतिस्पर्धी विमानांपेक्षा सरस होते. विमान उभे असताना वाऱ्याने त्याची शेपटीकडील नियंत्रण पृष्ठे हलून खराब होऊ नयेत म्हणून कक्षातूनच लावता व काढता येणारी कुलुपे त्यात बसविलेली होती. त्या दिवशी ही कुलुपे काढावयाची राहून गेली. विमान वाजवीपेक्षा तीव्र कोनात वर चढले, पंखांवरील उत्थापक प्रेरणा नाहीशी झाली व ते जमिनीवर कोसळून पेटले. चालक मेजर प्लॉयर हिल हे व बोइंगचे प्रमुख चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर हे या अपघातात दगावले.

दोघेही अनुभवी व निष्णात होते. त्यामुळे अपघाताचा दोष अज्ञानाकडे किंवा हलगर्जीपणाकडे देऊन विषय संपविणे शक्य नव्हते. लष्कराने मोठी मागणी डग्लस कंपनीच्या दोन एंजिनांच्या विमानासाठी नोंदविली; बोइंगची केवळ तेरा विमाने प्रायोगिक वापरासाठी घेण्यात आली. त्या विमानांवरील वैमानिकांसमोर दोन मार्ग होते : प्रशिक्षणाचा काळ वाढविणे किंवा स्मरणावरील भार कमी करणे. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. उड्डाणापूर्वी, उड्डाणात, अवतरणापूर्वी व अवतरणानंतर करावयाच्या कामांच्या छोट्या याद्या त्यांनी तयार केल्या. याद्यांतील एकही बाब वैमानिकाला अज्ञात नव्हती. माहीत असलेली गोष्ट ऐन वेळी सुटू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. हेच विमान पुढे बी-१७ या नावाने प्रसिद्ध झाले व त्याची एकूण १२,७३१ विमाने बांधली गेली. महायुद्धात अल्पशिक्षित तरुणांना थोड्या महिन्यांत वैमानिक बनवावे लागल्यामुळे तपासणीसूचीचा प्रसार झपाट्याने झाला व युद्धानंतर ती नागरी विमान वाहतुकीत रूढ झाली.

दोन साधनांचा संयोग : १९४८ मध्ये कर्टिस-राइट कंपनीने पॅन अमेरिकन या विमान कंपनीसाठी बोइंग ३७७ स्ट्रॅटोक्रूझर विमानाचा सिम्युलेटर तयार केला. विमान कंपनीच्या मालकीचा हा पहिला पूर्ण सिम्युलेटर मानला जातो. तो जागचा हलत नसे व त्याच्या खिडक्यांतून बाहेरचे दृश्यही दिसत नसे. मात्र कक्षातील प्रत्येक दर्शक, दिवा व स्विच खऱ्या विमानाप्रमाणे वागत असे. त्याला चलन व दृश्य यांची जोड नसूनही तो उपयुक्त ठरला, यातच त्याचे ऐतिहासिक महत्त्व आहे. स्ट्रॅटोक्रूझरच्या प्रत्येक एंजिनात २८ सिलिंडर असत व प्रत्येक सिलिंडरला दोन याप्रमाणे चार एंजिनांत मिळून २२४ ठिणगी-प्लग असत. अशी एंजिने सुरू करणे, तापविणे व त्यांच्यावर लक्ष ठेवणे हे स्वतंत्र उड्डाण अभियंत्याचे काम होते. वैमानिक, सहवैमानिक व अभियंता यांनी एकत्र बसून, एकाने सूची वाचावी व दुसऱ्याने उत्तर द्यावे, या कामाचा सराव आता एंजिन न झिजवता व इंधन न जाळता करता येऊ लागला.

यानंतर सिम्युलेटरची प्रगती मुख्यतः चलन व दृश्य या दोन दिशांनी झाली. सदृश संगणकांची जागा १९६० नंतरच्या दशकात अंकीय संगणकांनी घेण्यास सुरुवात केली. डी. स्ट्यूअर्ट यांनी १९६५ मध्ये वर्णन केलेल्या सहा पायांच्या मंचाच्या धर्तीवर कक्षाला सर्व दिशांनी हालचाल देता येऊ लागली. बाहेरचे दृश्य दाखविण्यासाठी प्रथम भूप्रदेशाच्या प्रतिकृतीवरून दूरचित्रवाणीचा कॅमेरा फिरविला जाई. नंतर संगणकच चित्रे निर्माण करू लागला. १९८० मध्ये अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने प्रगत सिम्युलेटरसंबंधीची योजना जाहीर केली व नव्या प्रकारच्या विमानाचे प्रशिक्षण जवळजवळ संपूर्णपणे सिम्युलेटरमध्ये देण्याचा मार्ग मोकळा झाला. अनुभवी वैमानिक नव्या प्रकारच्या विमानाचे प्रत्यक्ष पहिले उड्डाण प्रवाशांसह करतो, ही गोष्ट आज अनेक देशांत नेहमीची झाली आहे.

प्रारंभ-सज्जतेचा क्रम : आधुनिक प्रवासी विमान सुरू करणे म्हणजे शक्तीचा एक छोटा उगम वापरून त्याहून मोठा उगम जागा करणे होय. बोइंग ७३७-८०० या प्रचलित विमानाच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. पूर्ण बंद विमानात प्रथम बॅटरीचा स्विच चालू करतात. बॅटरीची शक्ती मर्यादित असल्यामुळे लवकरच विमानतळावरील विद्युत् पुरवठा जोडतात किंवा शेपटीत बसविलेले लहान साहाय्यक एंजिन सुरू करतात. या एंजिनाला एपीयू म्हणतात. त्यापासून वीज व दाबयुक्त हवा या दोन्ही गोष्टी मिळतात. तत्पूर्वी आगसूचक यंत्रणेची चाचणी घ्यावी लागते, कारण ज्या एंजिनाला लागलेली आग कळणार नाही ते सुरू करणे धोक्याचे असते.

वीज मिळताच निरूढी मार्गनिर्देशन यंत्रणा चालू करतात. विमानाची दिशा व कल ही यंत्रणा पृथ्वीच्या परिभ्रमणाचा व गुरुत्वाचा वेध घेऊन स्वतः ठरविते. त्याला मध्यम अक्षांशांवर सु. दहा मिनिटे लागतात व तेवढा वेळ विमान हलविता येत नाही. म्हणूनच हे काम क्रमात लवकर येते. दरम्यान मार्ग, वजन व इंधन यांची माहिती संगणकात भरतात आणि द्रवचालित यंत्रणा, कक्षातील हवेचा दाब, दिवे व सूचनाफलक यांची मांडणी तपासतात.

एंजिन सुरू करतेवेळी इंधन पंप चालू करतात आणि एपीयूची हवा एंजिनाच्या आरंभकाला पुरेशी मिळावी म्हणून वातानुकूलन बंद करतात. हवेच्या जोराने एंजिनाचा आतील दंड फिरू लागतो. त्याचा वेग कमाल वेगाच्या सु. २५ टक्के झाला की वैमानिक इंधनाची तरफ उघडतो. ज्वलन सुरू होते, तापमान वाढते व सु. ५६ टक्के वेगास आरंभक आपोआप सुटतो. तापमान ७२५° से. ची मर्यादा ओलांडील असे दिसल्यास इंधन तत्काळ बंद करावे लागते. यानंतर एंजिनावरील जनित्रे जोडतात, वातानुकूलन पुन्हा चालू करतात व उड्डाणासाठी पंखांचे फ्लॅप ठरलेल्या अंशापर्यंत बाहेर काढतात. या क्रमातील प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून आहे. जो वैमानिक हा कार्यकारणसंबंध जाणतो त्याला क्रम पाठ करावा लागत नाही. मात्र जाणणाराही एखादी पायरी विसरू शकतो.

सूचीचा वापर : तपासणीसूची दोन प्रकारे वापरली जाते. पहिल्या प्रकारात सूचीतील बाब वाचावयाची व मग ती कृती करावयाची असते. संकटकाळच्या किंवा क्वचित लागणाऱ्या कामांसाठी हा प्रकार योग्य ठरतो. दुसऱ्या प्रकारात वैमानिक कक्षातील पटलांवरून ठरलेल्या दिशेने नजर व हात फिरवीत सर्व कामे आधी स्मरणाने उरकतो. नंतर सूची वाचून त्यांतील मोजक्या, प्राणघातक ठरू शकणाऱ्या बाबी पडताळल्या जातात. एक वैमानिक बाबीचे नाव उच्चारतो. दुसरा संबंधित स्विच किंवा दर्शक पाहून तो कोणत्या स्थितीत आहे हे सांगतो. प्रवासी विमानांच्या नित्याच्या कामांत सामान्यतः हाच दुसरा प्रकार रूढ आहे. एक काम दोनदा होण्याची ही व्यवस्था हेतुपुरस्सर केलेली असते. पहिल्या वेळी चूक झाली तर ती दुसऱ्या वेळी सापडावी, ही त्यामागील कल्पना होय.

यंत्रांच्या विकासाबरोबर सूचीचे स्वरूपही बदलले. १९८९ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७४७-४०० विमानात उड्डाण अभियंत्याची जागा राहिली नाही व आधीच्या ७४७ मधील ९७१ दिवे, दर्शक व स्विच यांची संख्या ३६५ वर आली. एअरबस ए-३२० सारख्या विमानांत सर्व काही ठीक असताना वरच्या पटलावरील बटणांचे दिवे विझलेले राहतात. जो दिवा लागलेला दिसेल तेथे लक्ष द्यावयाचे. यास अंधाऱ्या कक्षाचे तत्त्व म्हणतात. १९९५ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७७७ मध्ये सूची पडद्यावर आली व स्विचची स्थिती यंत्रणेलाच कळत असल्यास ती बाब पूर्ण झाल्याची नोंद आपोआप होऊ लागली.

सिम्युलेटरमधील प्रारंभ अवस्था : खऱ्या विमानाची अवस्था कोणीतरी आधी केलेल्या कामाचा परिणाम असते. सिम्युलेटरची अवस्था मात्र निवडता येते. या निवडीचे साधारणपणे चार प्रकार आहेत. पूर्ण बंद विमानाच्या अवस्थेला थंड व अंधारी अवस्था म्हणतात. दुसऱ्या अवस्थेत विमान दोन फेऱ्यांच्या दरम्यान विमानतळावर उभे असते. वीज जोडलेली असते, परंतु एंजिने बंद असतात. तिसऱ्या अवस्थेत एंजिने चालू असतात व चौथ्या अवस्थेत विमान धावपट्टीच्या टोकाशी उड्डाणास सज्ज उभे असते. प्रत्यक्ष सेवेत वैमानिकाला विमान बहुधा दुसऱ्या अवस्थेत मिळते. संपूर्ण थंड विमान त्याला मुख्यतः दिवसाच्या पहिल्या फेरीस किंवा दुरुस्तीनंतर हाती येते व तेव्हाही पुष्कळदा जमिनीवरील अभियंत्यांनी वीज आधीच चालू केलेली असते.

विमान कंपन्यांच्या सिम्युलेटरमध्ये प्रशिक्षकाच्या फलकावरून कक्ष क्षणार्धात हव्या त्या अवस्थेत आणता येतो. सिम्युलेटरचा प्रत्येक तास महाग असल्यामुळे तो मुख्यतः उड्डाणात एंजिन निकामी होणे, आग लागणे अशा प्रसंगांच्या सरावासाठी राखला जातो व विमान धावपट्टीवर सज्ज मिळते. प्रारंभ-सज्जतेचा पाया स्थिर प्रशिक्षण साधनांवर किंवा घरी कक्षाच्या पूर्णाकृती चित्रासमोर बसून, चित्रातील स्विचवर बोट ठेवीत घातला जातो. हा साधा उपाय विद्यार्थी वैमानिकांत आजही लोकप्रिय आहे.

येथेच एक अडचण उद्भवते. निवडलेली अवस्था नेहमी नीटनेटकी असते. थंड अवस्थेत प्रत्येक स्विच पुस्तकात सांगितलेल्या जागी असतो, सज्ज अवस्थेत प्रत्येक स्विच उड्डाणासाठी योग्य जागी असतो. विद्यार्थी शंभर वेळा तपासतो व शंभर वेळा बाब बरोबरच आढळते. अशा सरावाने हात तरबेज होतात, परंतु डोळे हळूहळू पाहणे सोडून देतात. म्हणून जाणते प्रशिक्षक विद्यार्थी कक्षात येण्यापूर्वी एखादा स्विच मुद्दाम चुकीच्या जागी ठेवतात.

अपघातांचा धडा : ही अडचण काल्पनिक नाही, हे पुढील अपघातांवरून दिसते. १६ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉइट येथे नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे एमडी-८२ विमान उड्डाण करताच कोसळले व जमिनीवरील दोघांसह १५६ माणसे मरण पावली. विमानातील चार वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली. फ्लॅप व स्लॅट बाहेर काढलेले नव्हते, त्यासंबंधीची तपासणीसूची वाचली गेली नव्हती आणि धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रणेला वीजही मिळत नव्हती. ३१ ऑगस्ट १९८८ रोजी डॅलस-फोर्ट वर्थ येथे डेल्टा कंपनीच्या बोइंग ७२७ विमानाच्या अपघातात १४ जण दगावले. या वेळी सूची वाचली गेली होती. फ्लॅपच्या बाबीला योग्य उत्तरही दिले गेले होते. परंतु फ्लॅप प्रत्यक्षात आतच होते. या दोन अपघातांत वर्षभराचेच अंतर असले तरी त्यांतून दोन निरनिराळे दोष उघड झाले : सूची वगळणे व सूची केवळ तोंडाने म्हणणे.

या पार्श्वभूमीवर असफ देगानी व अर्ल वीनर यांनी १९९० मध्ये नासासाठी तपासणीसूचीचा सविस्तर अभ्यास केला. तोवर सूची ही विमानाच्या अभियांत्रिकीतील एक दुय्यम कागद समजली जात असे. सूचीची लांबी, बाबींचा क्रम, उत्तरांची शब्दरचना, कामात येणारे व्यत्यय आणि दोन वैमानिकांमधील नाते या सर्वांचा तिच्या वापरावर परिणाम होतो, हे या अभ्यासाने पुढे आणले. ‘तपासले’ किंवा ‘ठीक’ असे मोघम उत्तर देण्याऐवजी दर्शकावरील प्रत्यक्ष आकडा किंवा स्विचची स्थिती सांगावी, हा संकेत याच विचारसरणीतील आहे.

तरीही अपघात सर्वस्वी टळले नाहीत. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसमधील लार्नाकाहून अथेन्सला निघालेल्या हेलिओस कंपनीच्या बोइंग ७३७ विमानात १२१ जणांचा मृत्यू झाला. आदल्या रात्रीच्या दुरुस्तीच्या वेळी कक्षातील हवेच्या दाबाचा निवडक स्विच हाताने नियंत्रण करण्याच्या जागी फिरविण्यात आला होता व तो तसाच राहिला. उड्डाणपूर्व मांडणी, एंजिन सुरू करण्यापूर्वीची सूची व उड्डाणानंतरची सूची अशा तीन टप्प्यांवर तो वैमानिकांच्या लक्षात आला नाही. कक्षाची गृहीत धरलेली अवस्था व प्रत्यक्ष अवस्था यांतील फरक किती घातक ठरू शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय. २० ऑगस्ट २००८ रोजी माद्रिद येथे स्पॅनएअरचे एमडी-८२ विमान फ्लॅप न काढताच धावपट्टीवरून निघाले व १५४ माणसे मृत्युमुखी पडली. हे विमान एका तांत्रिक तक्रारीमुळे परत येऊन दुसऱ्यांदा निघाले होते. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या बोइंग ७३७ विमानात एंजिनांतून हवा घेणारे स्विच चालू करावयाचे राहिल्याने आतील दाब राखला गेला नाही. सु. ३० प्रवाशांना नाका-कानांतून रक्तस्राव, डोकेदुखी असा त्रास झाला. विमान मुंबईस सुखरूप परतले.

३१ मे २०१४ रोजी अमेरिकेतील बेडफर्ड येथे झालेला गल्फस्ट्रीम जातीच्या लहान जेट विमानाचा अपघात या इतिहासात विशेष नोंद घेण्यासारखा आहे. विमानातील सातही जण त्यात ठार झाले. नियंत्रण पृष्ठांची कुलुपे काढावयाची राहिली होती, म्हणजे बोइंग २९९ मध्ये घडलेली चूकच ७८ वर्षांनी पुन्हा घडली. चौकशीत असे आढळले की, आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के उड्डाणांच्या वेळी नियंत्रकांची पूर्ण तपासणी या वैमानिकांनी केलीच नव्हती. इतक्या वेळा काही बिघडले नाही, हाच त्यांच्या सवयीचा आधार झाला होता.

घरगुती संगणकावरील सिम्युलेटर : ब्रूस आर्टविक यांची सबलॉजिक कंपनीने अ‍ॅपल २ संगणकासाठी काढलेली आज्ञावली १९७९-८० च्या सुमारास बाजारात आली व तिच्या पाठोपाठ १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर प्रसिद्ध झाले. त्यात विमान धावपट्टीवर एंजिन चालू असलेल्या स्थितीतच मिळे. त्या काळच्या संगणकांच्या शक्तीत याहून अधिक शक्य नव्हते. १९९० नंतरच्या दशकात एक्स-प्लेन, फ्लाइटगिअर यांसारख्या आज्ञावली आल्या. पुढे एकेका प्रवासी विमानाच्या वीज, इंधन, हवा व द्रवचालित यंत्रणांचे बारकाईने अनुकरण करणाऱ्या स्वतंत्र पुरवणी आज्ञावलीही उपलब्ध झाल्या. त्यांच्यामुळे थंड व अंधाऱ्या अवस्थेतून विमान जागे करणे हा जगभरच्या हौशी मंडळींचा आवडता छंद बनला. ज्या ज्ञानासाठी पूर्वी विमान कंपनीत प्रवेश मिळवावा लागे, ते आता कोणाही जिज्ञासूच्या टेबलावर आले आहे.

या आज्ञावलींत सोयीसाठी काही गोष्टी आटोपशीर केलेल्या असतात. उदा., निरूढी यंत्रणेला लागणारी दहा मिनिटे काही सेकंदांवर आणता येतात किंवा एका कळीने कक्ष सज्ज करता येतो. अशा सोयींमुळे क्रमामागील कारण दृष्टीआड होण्याचा संभव असतो. याउलट काही आज्ञावलींत मागील उड्डाणाच्या शेवटी कक्ष जसा सोडला असेल तसाच तो पुढील वेळी मिळतो. प्रशिक्षणाच्या दृष्टीने ही सोय लहान दिसली तरी मोलाची आहे, कारण आधीच्या माणसाने मागे काय ठेवले आहे, हे शोधण्याची सवय तीतून लागते. साध्या घरगुती आज्ञावलीवरील तास वैमानिकाच्या परवान्यासाठी ग्राह्य धरले जात नाहीत. मात्र अमेरिकेत ठरावीक यंत्रसामग्रीसह मान्यता मिळालेल्या संगणकाधारित साधनांवरील काही तास मर्यादित प्रमाणात धरले जातात.

महत्त्व व मर्यादा : तपासणीसूचीची कल्पना विमान वाहतुकीपुरती मर्यादित राहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियांसाठी सुरक्षा-तपासणीसूची प्रसृत केली व ती अनेक देशांतील रुग्णालयांत स्वीकारली गेली. तथापि विमान वाहतुकीचा अनुभव असा की, सूची छापून हाती दिल्याने सुरक्षितता आपोआप येत नाही. सूचीतील बाब उच्चारणे आणि ती वस्तू पाहणे या दोन कृती एकमेकींपासून सहज अलग होतात. सराव जितका अधिक, तितका हा धोका वाढतो. सिम्युलेटर या बाबतीत दुधारी आहे. सदैव नीटनेटक्या अवस्थेपासून सुरू होणारा सराव सूचीचे पाठांतर पक्के करतो. अनपेक्षित अवस्थेपासून सुरू होणारा सराव पाहण्याची सवय पक्की करतो. त्यामुळे प्रशिक्षणात विद्यार्थ्याला कक्ष कोणत्या अवस्थेत दिला जातो, याला सिम्युलेटरच्या चलन व दृश्य यंत्रणांइतकेच महत्त्व देणे आवश्यक ठरते.